जबाबदारी: एस. वाकोडे

गेल्या महिन्यात कंपनीनं मला नव्यानं भरती झालेल्या पोरांसमोर टीमवर्कवर बोलायला उभं केलं. लखनऊला अमौसीच्या विमानतळाच्या आवारात आमची एक ट्रेनिंगची खोली आहे, तिथला एसी चालतो आणि प्रोजेक्टर चालत नाही. तरी मी दीड तास बोलले. ड्युटी संपली की पुढच्या माणसाला तोंडानं सांगून मगच निघा. कुणाची चूक चारचौघांत काढू नका. कौतुक करायचं तर लेखी करा, नाव घालून करा. महिन्यातून एक दिवस दुसऱ्याचं काम स्वतः करून बघा. पोरं भराभर लिहून घेत होती. शेवटी गोंड्याहून आलेल्या एका मुलीनं हात वर केला. "मॅम, ये सब आपने सीखा किससे?"

मी म्हटलं, "एक्सपीरियन्स से."

काय निर्लज्ज बाई आहे मी! त्या दीड तासात माझं स्वतःचं असं एक वाक्य नव्हतं. सगळं वाकोडे काकांचं. आणि त्यांचं नाव घ्यायला माझी जीभ काही उचलली नाही. म्हणून आता इथं लिहायला बसले आहे.

श्रीधर वाकोडे मूळचे अकोल्याकडचे. हवाई दलात वीस वर्षं काढून सार्जंट म्हणून बाहेर पडले, शेवटचं पोस्टिंग लखनऊला होतं म्हणून इथंच राहिले, आणि आमच्या कंपनीत लागले. आमची कंपनी म्हणजे विमानतळावरची हमाली, जरा इंग्रजीत बोलून केलेली. चेक-इन, बॅगा, गेटवर बोर्डिंग, व्हीलचेअरवाले प्रवासी, हे सगळं आम्ही बघतो. गणवेश विमान कंपनीचा, माणसं आमची. काका सकाळच्या शिफ्टचे इनचार्ज होते. सहा ते दोन. अख्खा स्टाफ त्यांना 'काका जी' म्हणायचा, आणि त्यातल्या निम्म्यांना त्यांचं खरं नाव काय हेही नीट माहीत नव्हतं.

मी साताऱ्याची. नवऱ्याची बँकेतून इकडे बदली झाली, विकास नगरात घर घेतलं, मुलगी बालवाडीत जायला लागली आणि घरात बसून मला वेड लागायची पाळी आली. एकोणतिसाव्या वर्षी पहिली नोकरी. पहिल्याच दिवशी काउंटरवर एका गृहस्थांना मी म्हटलं, "आप जरा रुकिए ना हो." मागून आवाज आला, "काऊन बाप्पा, मराठी हायेस का?" वळून बघितलं तर एक बुटका, काळा, टक्कल पडलेला माणूस. बूट असे चकचकीत की त्यात आपलं तोंड दिसावं. "हो" म्हटल्यावर ते म्हणाले, "मंग डबा आणत जाजो. इथं कॅन्टीनचं खाऊन माणूस चिडखोर होते."

ते स्वतः ठेचा आणायचे, आणि तो सगळ्यांत वाटायचे. लखनऊची मंडळी आधी नाक मुरडायची, मग रडत रडत दुसऱ्यांदा मागायची.

काकांचा सगळ्यात मोठा छळ म्हणजे हँडओव्हर. दोन वाजता शिफ्ट बदलते. पावणेदोनला ते सगळ्यांना बॅगांच्या बेल्टजवळ उभं करायचे, जाणारे एका बाजूला, येणारे दुसऱ्या बाजूला. प्रत्येकानं आपल्या जागी येणाऱ्याला मोठ्यानं तीन गोष्टी सांगायच्या. काय झालं, काय राहिलं आणि कोण थांबलं आहे. तिसऱ्या प्रश्नाला कुणी 'कोई नहीं' म्हटलं की काका डोळे बारीक करून विचारायचे, "पक्का? कोई बैठा तो नहीं है तुम्हारे भरोसे?" आमचं एक रजिस्टर होतंच, त्यात सगळं लिहिलेलं असायचं. मी एकदा म्हटलं, "काका, लिहिलंय की, परत पाठ म्हणून कशाला दाखवायचं?" तर म्हणाले, "लिवलेलं कोणी वाचत नाही पोरी. तू तरी वाचतेस का?" मी वाचत नव्हते.

'हो जाएगा' हा शब्द त्यांच्या शिफ्टमध्ये चालत नसे. या शहरात दिवसाला शंभर वेळा ऐकू येणारा शब्द, आणि हा माणूस त्यावर अडून बसायचा. कुणी म्हणालं, काका जी, हो जाएगा, की लगेच, "कौन करेगा? कितने बजे करेगा?" पोरं वैतागायची. पाठीमागे नक्कल करायची. मीसुद्धा फार छान करायचे त्यांची नक्कल.

आणि त्यांचं ते फिरणं! कुणाची चूक झाली की सगळ्यांसमोर एक अक्षर बोलायचे नाहीत. शिफ्ट संपायच्या आत जवळ यायचे आणि म्हणायचे, "चाल, बेल्टपर्यंत जाऊन येऊ." तेवढ्या दोनशे पावलांत काय ते बोलणं. मला पहिल्यांदा नेलं ते एका म्हाताऱ्या सरदारजींवर मी ओरडले होते म्हणून. मला वाटलं, आता खरडपट्टी. काकांनी विचारलं, "सकाळी काही खाल्लं का?" मी म्हटलं, नाही. "पाहाय मंग. त्या माणसानं काऊन तुझ्या उपाशी पोटाचं ऐकून घ्यावं?" बस. दुसऱ्या दिवशीपासून मी खाऊन यायला लागले. चूक ज्या दिवशीची त्या दिवशीच बोलायची, उद्यावर टाकली की तिचा राग होतो, असं ते म्हणायचे. त्या फेरीनंतर विषय संपला. पुन्हा कधी टोमणा नाही, कधी आठवण नाही.

एकदा त्यांनी आम्हां काउंटरवरच्या बायकांना अख्खी शिफ्ट बॅगा चढवणाऱ्या लोडरांबरोबर खाली उभं केलं. मे महिन्यात! मी मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या काढल्या. पण शिफ्ट संपेपर्यंत कळलं की आम्ही वर हसत हसत जी जड बॅग 'चलो कोई बात नहीं' म्हणून सोडून देतो, ती खाली कुणाची कंबर मोडते. तेव्हापासून वजनाच्या बाबतीत मी कुणाला सवलत दिली नाही. लोक मला खडूस म्हणतात.

रजिस्टरात एक शेवटचा रकाना होता. काही चांगलं घडलं किंवा बिघडलं तर कुणामुळे, ते तिथं लिहायचं. चांगलं घडलं की काका त्या माणसाचं पूर्ण नाव लिहायचे. रामसनेही नावाच्या एका लोडरनं एका बाईची औषधांची पिशवी शोधून काढली, तर काकांनी दिल्लीच्या ऑफिसला मेल टाकला, त्यांच्या त्या फौजी इंग्रजीत, पाच ओळींचा, आणि त्यात रामसनेहीचं नाव तीनदा. रामसनेहीनं त्या मेलचा कागद लॅमिनेट करून घरात लावला. पुढे थंडी पडली की तो दर वर्षी काकांसाठी चौकातून मक्खन मलाईचा द्रोण घेऊन यायचा. आणि बिघडलं की? त्या रकान्यात एकच मजकूर. 'जबाबदारी: एस. वाकोडे.' चूक कुणाचीही असो. मी विचारलं होतं, हे कशासाठी? म्हणाले, "माझ्या शिफ्टमधली चूक माझीच ना. कागदावर पोरांची नावं कायले चढवू? पोरं मले तोंडानं सांगतात, तेवढं पुरते." पोरं सांगायचीही. कारण माहीत होतं की हा माणूस कागदावर आपल्याला अडकवणार नाही. जुने मॅनेजर त्या रकान्याकडे बघून हसायचे आणि पान उलटायचे. तिथं वर्षानुवर्षं काकांचंच नाव साठत गेलं.

मग जुने मॅनेजर गेले आणि दिल्लीहून तनेजा आले. चौतिशीचे. आल्या आल्या त्यांनी सांगितलं की माझ्या स्टेशनवर प्रत्येक चुकीला एक चेहरा असला पाहिजे. त्याच महिन्यात टीम लीडरच्या जागेसाठी तिघांची यादी निघाली. त्यात मी होते. माझं नाव काकांनीच पाठवलं होतं, हेही सांगून टाकते.

जानेवारीतली सकाळ. धुक्यामुळे सगळी विमानं लटकलेली, गेट बदललेली, लोक आमच्या अंगावर येत होते. मुंबईच्या विमानाची एक म्हातारी बाई व्हीलचेअरवर होती, एकटी. संध्याकाळी नातीचा साखरपुडा होता तिच्या. पर्समधला नातीचा फोटोही मला दाखवला. वरच्या गेटचं विमान खालच्या बसच्या गेटवर गेलं, तेव्हा तिला लिफ्टनं खाली न्यायला हवं होतं. माणूस मोकळा नव्हता. मी तिला खांबाजवळ आडोशाला बसवलं आणि म्हटलं, "अम्मा, बस अभी आती हूँ." तेव्हा दीड वाजला होता. मग दुसरीकडून हाक आली, मग तिसरीकडून. पावणेदोन वाजले. ओवीच्या शाळेत त्या दिवशी कार्यक्रम होता, ती ससा होणार होती, आणि विकास नगरची कंपनीची गाडी दोनला सुटायची. त्या गोंधळात बेल्टजवळची रांगही धड लागली नव्हती, आणि मी हँडओव्हरला उभी राहिलेच नाही. कुणाला काही न सांगता मागच्या दारानं निघून गेले. काकांना सुद्धा सांगितलं नाही.

विमान गेलं. बाई खांबाजवळच राहिली. दोन तास. ओरडायचा स्वभाव नव्हता बिचारीचा, 'अभी आती हूँ' म्हणून गेलेल्या मुलीची वाट बघत बसली. एका प्रवाशानं तिचा व्हिडिओ काढून नेटवर टाकला, तो घराघरांत पोचला. आमच्या घरातसुद्धा. नवरा जेवताना म्हणाला, "हे तुमच्याच इथलं ना गं?" मी म्हटलं, दुपारच्या शिफ्टमधलं आहे.

दुसऱ्या दिवशी रजिस्टर उघडलं. 'व्हीलचेअर प्रवासी राहिली. हँडओव्हर झालं नाही. जबाबदारी: एस. वाकोडे.' काकांनी नेहमीसारखं लिहून टाकलं होतं.

शिफ्ट संपताना काका आले. "चाल, बेल्टपर्यंत."

मी पन्नास पावलांतच रडायला लागले. सगळं सांगितलं. काकांनी चाल तेवढी हळू केली. मग म्हणाले, "रडू नको. मी लिवलं हाय माझ्या नावानं, ते राहू दे. पण उद्या तनेजा आत बोलावन. तो तुले इचारन, काकाले सांगतलं होतं का? तवा खरं सांगजो. नाही सांगतलं, म्हण. मी म्हणतो, माझी पोरगी हाय, धुक्यात गडबड झाली. दोघाईलेही एक एक वॉर्निंगचं पत्र भेटन, बस. तू नाही बोलली तर मंग मीच सापडतो एकटा, अन् माझ्या नावाची तर पानं भरली हायेत तिथं. समजलं ना?"

"समजलं, काका."

समजलं होतं हो. चांगलं समजलं होतं. मी खरं बोलले तर माझं एक पत्र आणि वर्षभर प्रमोशन बंद. मी गप्प बसले तर त्यांची नोकरी. यात न समजण्यासारखं काय होतं?

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता तनेजांच्या केबिनमध्ये आम्ही दोघं, तनेजा आणि एचआरची एक मुलगी. तनेजांनी रजिस्टरची पानं उलटी चाळली. जबाबदारी एस. वाकोडे, जबाबदारी एस. वाकोडे. "दस साल से आप ही गलती कर रहे हैं?" मग त्यांनी मला विचारलं, "जाने से पहले आपने इनको पैसेंजर के बारे में बताया था?"

काका माझ्याकडे बघत होते. शांत. जसं काही उत्तर त्यांना आधीच माहीत आहे आणि चांगलं आहे.

मी म्हटलं, "जी सर. शायद बताया था. भीड़ बहुत थी, काका जी ने सुना नहीं होगा."

'शायद' सुद्धा मी विचार करून घातला होता. रात्रभर घोकून गेले होते मी ते वाक्य. उगाच घाबरून तोंडातून निघालं वगैरे काही नव्हतं. मला प्रमोशन हवं होतं. दुसरं काहीही कारण नाही. ओवीचं नाही, नवऱ्याचं नाही, परक्या शहराचंही नाही.

तनेजांनी काकांना विचारलं, "सही बोल रही हैं?"

काकांनी टेबलावरच्या रजिस्टरकडे बघितलं. "नाम तो मेरा ही लिखा है सर."

आठ दिवसांत त्यांना राजीनामा द्यायला लावला. सोडताना दिलेल्या पत्रात 'कामात वारंवार निष्काळजीपणा' असं लिहिलं. ज्या माणसानं कुणालाही काही न सांगता घरी जाऊ दिलं नाही, त्याला निष्काळजी! शेवटच्या दिवशी ते सगळ्यांना भेटले. लोडर रडत होते. मी काउंटरवर खाली मान घालून बोर्डिंग पास छापत राहिले, आणि एकच धास्ती होती की आता हे येतील आणि म्हणतील, चाल, बेल्टपर्यंत. ते आले. "जातो पोरी," म्हणाले आणि गेले. बेल्टपर्यंत काही त्यांनी मला नेलं नाही. मला तेव्हा हायसं वाटलं. लिहायला हात जड होतोय, पण वाटलं.

मला जागा मिळाली. दोन वर्षांनी ड्युटी मॅनेजर झाले. हँडओव्हर, बेल्टपर्यंतची फेरी, नाव घालून मेल, सगळं काकांचं उचललं आणि वाढत गेले. तनेजा म्हणायचे, "मेघा इज अ नॅचरल लीडर." फक्त तो रजिस्टरचा शेवटचा रकाना मी बंद करून टाकला.

मग एक फोन आला. आमच्याच टर्मिनलवर दुसरी एक कंपनी येत होती आणि त्यांना अनुभवी इनचार्ज हवे होते. वाकोडेंनी अर्ज केला होता. त्यांच्या एचआरच्या बाईनं मला विचारलं, "मॅम, रिलीविंग लेटर में निगेटिव रिमार्क है. आपने साथ काम किया है. वो इंसिडेंट क्या था? आप रेकमेंड करेंगी?"

एवढंच म्हणायचं होतं, चूक माझी होती. तनेजांची तोवर बदली झाली होती. माझं काहीसुद्धा वाकडं झालं नसतं. त्या बाईनं तर ते कुठं लिहूनही घेतलं नसतं. पण माझ्या डोळ्यांसमोर आलं की हा माणूस रोज सकाळी सहाला माझ्या शेजारच्या काउंटरवर उभा राहणार, चकचकीत बूट घालून. रोज मला दिसणार.

मी म्हटलं, "आदमी अच्छे हैं. बाकी जो रिकॉर्ड में है, वो तो है ही."

"ओके मॅम, समझ गई," ती म्हणाली.

यंदा फेब्रुवारीत ओवीची चित्रकलेची स्पर्धा होती, छावणीतल्या एका शाळेत. ओवी आता दहा वर्षांची आहे. मी मराठीत बोलते, ती हिंदीत उत्तर देते. गेटातून बाहेर पडत होतो, तर शाळेच्या बसच्या रांगेपाशी ते उभे. गळ्यात शिट्टी, हातात यादी, अंगावर शाळेचं निळं जाकीट. दाढी पांढरी झाली होती, वाढलेली होती. मी वळणार तेवढ्यात हाक आली. "मेघा!"

पळून जायला जागाच नव्हती.

"अरे बाप्पा, ही ओवी का? केवढी झाली!" त्यांनी बसच्या ड्रायव्हरला बोलावलं. "यादव जी, देखिए, ये हमारी टीम की लड़की है. आज एअरपोर्ट पे बड़ी साहब है." ड्रायव्हरनं नमस्ते केलं. ओवी माझ्याकडे कौतुकानं बघायला लागली.

"काका, तुम्ही इथं..."

"हो, बसचं पाहातो. चांगली हायेत लोकं." मग ते जरा जवळ सरकले, आवाज खाली आणून म्हणाले, "तुले त्या नव्या कंपनीचा फोन आला असन ना? मीच तुझं नाव देल्लं होतं."

"आला होता, काका."

"मले माहीत होतं. तुझी काकू म्हणे, तिचं नाव कायले देता, मागं बोलली नाही ती. मी म्हटलं, तवा पोरगी भेली होती. लहान लेकरू होतं घरी. आता मोठी झाली, यावेळी बोलन." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि चेहरा खरंच आनंदी होता. "ते झालं नाही, जाऊ दे. वय पाह्यलं असन त्याईनं माझं. पण तू माझ्यासाठी बोलली ना, मले तेवढं पुरलं. मनातून निघून गेलं सगळं. थँक यू बरं का, पोरी."

ओवीनं माझा हात धरला होता. बस सुरू झाली होती, ड्रायव्हर काकांची वाट बघत होता.

मी म्हटलं, "त्यात काय, काका."

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, ओवीच्याही ठेवला, आणि बसच्या दारात चढून मागच्या सीटपासून एकेका पोराचं नाव घ्यायला लागले.